लायसन्सचा मुक्काम

सॉफ्टवेअर विकत घेतले असे बोलताना म्हणतात. प्रत्यक्षात विकत घेतलेली असते ती ते वापरण्याची परवानगी. प्रोग्रॅमची मालकी तो तयार करणाऱ्या कंपनीकडेच राहते आणि ग्राहकाच्या हाती लायसन्स येते. किती मशीनवर, किती माणसांनी, किती काळ आणि कोणत्या कामासाठी हा प्रोग्रॅम चालवायचा, याचा तो करार असतो. सेटअप चालवताना ‘मान्य आहे’ या चौकटीत खूण करून जो लांबलचक मजकूर न वाचता पुढे सरकवला जातो, तोच हा करार. मशीन धडधाकट असते तोवर त्याची कुणाला आठवण होत नाही. ज्या दिवशी मदरबोर्ड जळतो, हार्ड डिस्क बसते किंवा टेबलावर नवा संगणक येतो, त्या दिवशी मात्र त्याच्यातली कलमे एकेक करून शोधावी लागतात.

नवे मशीन लावून देण्याच्या कामात फायली हलवणे हा सोपा भाग असतो. फाइलची प्रत निघते आणि जुन्या जागी मूळ फाइलही राहते. लायसन्सचे तसे नसते. ते एका ठिकाणाहून सुटल्याशिवाय दुसऱ्या ठिकाणी बसत नाही आणि बऱ्याचदा ते सोडवण्याचे बटण जुन्या मशीनवरच असते. म्हणून अनुभवी माणूस कॅबिनेटचे स्क्रू काढण्याआधी एकच गोष्ट विचारतो : या घडीला लायसन्स नेमके कुठे आहे? ते बिलावर छापलेल्या कीमध्ये असू शकते किंवा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये. मागच्या बाजूला खोचलेल्या डोंगलमध्ये, आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर किंवा कुणाच्या तरी ईमेल खात्यातही असू शकते. लायसन्सचे प्रकार पुस्तकात अनेक सांगितलेले असले, तरी हलवायच्या वेळी कामाला येते ती हीच वर्गवारी.

विंडोज जवळपास प्रत्येक टेबलावर असते, म्हणून सुरुवात तिथून. ब्रँडेड लॅपटॉपसोबत येणारे विंडोज ओईएम प्रकारचे असते. हे लायसन्स मशीनच्या नावावर असते, माणसाच्या नव्हे; आणि इथे मशीन म्हणजे मदरबोर्ड. विंडोज ७ पर्यंत कॅबिनेटच्या कुशीला किंवा लॅपटॉपच्या पोटाला पंचवीस अक्षरांच्या कीचा स्टिकर असे. हाताच्या घामाने आणि पुसायच्या फडक्याने तो झिजत जाई आणि फॉरमॅट मारायची वेळ आली की पाचवे अक्षर बी आहे की आठचा आकडा, हे भिंग लावून ठरवावे लागे. २०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हापासून ही की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच लिहून येते. सेटअप ती आपली आपण वाचतो, त्यामुळे भिंगाची गरज संपली. पण मशीनशी बांधलेले लायसन्स आता डोळ्यांना दिसेनासेही झाले. जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून नव्या मशीनला लावली तर फायली सोबत येतात, विंडोजचे लायसन्स येत नाही.

वेगळे पैसे मोजून घेतलेले विंडोज रिटेल प्रकारचे असते. ते जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येते. अट एवढीच, की एका वेळी ते एकाच मशीनवर असले पाहिजे. तिसरा प्रकार व्हॉल्यूम लायसन्सचा. तो कंपन्या, महाविद्यालये आणि सरकारी कार्यालयांसाठी असतो. त्यात एक की ठरावीक संख्येइतक्या मशीनवर चालते, नाहीतर संस्थेच्या आतच एक केएमएस सर्व्हर ठेवलेला असतो आणि बाकीची मशीन त्याच्याकडून परवानगी घेतात. ही परवानगी १८० दिवसांची असते. मशीन संस्थेच्या नेटवर्कवर असेपर्यंत ती दर सात दिवसांनी गुपचूप वाढवली जाते. नेटवर्कवर किमान २५ मशीन असल्याशिवाय असा सर्व्हर विंडोजच्या संगणकांना परवानगी देतच नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून काढलेला संगणक कुणी घरी नेला की साधारण सहा महिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात ‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा’ ही फिकट ओळ उमटते. घरातल्यांना वाटते व्हायरस शिरला. खरे कारण हे, की त्या मशीनला त्याचा सर्व्हर पुन्हा भेटलेला नसतो.

आपल्याकडचे विंडोज यांपैकी कोणते, हे अंदाजाने ठरवण्याचे कारण नाही. कमांडच्या काळ्या खिडकीत एसएलएमजीआर ही आज्ञा देऊन तिच्यापुढे तिरकी रेघ आणि डीएलआय लिहिले, की एक छोटी चौकट उघडते. तीत कीची शेवटची पाच अक्षरे आणि चॅनेलचे नाव असते : ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम. जुळवलेल्या संगणकांच्या बाबतीत ही चौकट फार बोलकी ठरते. ‘विंडोज टाकून देतो’ असे सांगून जे विंडोज टाकलेले असते, त्याची बिलात ओळच नसते. बिलावर प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट सगळे दिसते. विंडोज दिसत नाही. अशा पाच-सहा मशीनच्या लहान कार्यालयात ती चौकट उघडल्यावर व्हॉल्यूम हा शब्द दिसतो आणि मालकाला पहिल्यांदाच कळते, की आपल्याकडे हलवण्याजोगे लायसन्स कधी नव्हतेच. काही शे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या कीही बहुधा अशाच कुण्या संस्थेच्या कोट्यातल्या असतात. आज चालतात, एखाद्या दिवशी बंद होतात, आणि त्यांच्यासाठी दाद कुणाकडे मागता येत नाही.

रिटेल की हलवताना जुन्या मशीनवर एसएलएमजीआरपुढे यूपीके लिहून की काढली जाते. इथे बारीक मुद्दा आहे : ही आज्ञा की फक्त त्या मशीनवरून पुसते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला काही कळवत नाही. त्यामुळे नव्या मशीनवर अ‍ॅक्टिव्हेशन कधी सहज होते, कधी नकार येतो. नकार आला तर फोनचा मार्ग उरत असे. विंडोज ७ च्या दिवसांत पडद्यावर सहा-सहा आकड्यांचे नऊ गट येत, म्हणजे एकूण ५४ आकडे. एकाने ते फोनवर दाबायचे, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून वाचायचे. पलीकडून उत्तरादाखल ४८ आकडे सांगितले जात आणि ते कागदावर उतरवून घ्यावे लागत. एक आकडा चुकला की सगळे पहिल्यापासून. विंडोज १० मध्ये हे गट सात-सात आकड्यांचे झाले. मात्र त्याच पिढीत डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडायची सोयही आली. २०१६ च्या सुधारणेनंतर ‘या मशीनचे हार्डवेअर नुकतेच बदलले आहे’ असा पर्याय निवडून पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करता येऊ लागले. त्यासाठी खाते आधीच जोडलेले असावे लागते. बोर्ड जळाल्यावर ते जोडता येत नाही.

ऑफिसची कथा थोडक्यात सांगता येते. ऑफिस २०१३ ची रिटेल प्रत बाजारात आली तेव्हा ती पहिल्या संगणकालाच कायमची बांधलेली होती. ग्राहकांनी आवाज उठवला आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने अट बदलून ती प्रत ९० दिवसांतून एकदा दुसऱ्या संगणकावर नेण्याची मुभा दिली. छापलेला करारही बदलू शकतो, हे यातून ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जुन्या माहितीच्या आधारे ‘हे हलत नाही’ असे ठामपणे सांगण्याआधी सध्याची अट एकदा वाचलेली बरी.

डोंगलचा विषय महाराष्ट्रातल्या छापखान्यांना आणि डीटीपी केंद्रांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मराठी अक्षरजुळणीची पॅकेजेस, त्यात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपीही आली, बरीच वर्षे अशा लॉकवर चालली. लायसन्स या काडेपेटीएवढ्या डबीत असते. सॉफ्टवेअर दहा मशीनवर टाकले तरी डबी ज्या मशीनला लावली असेल तिथेच ते चालते. हलवण्याच्या दृष्टीने याहून साधी पद्धत नाही : इकडून काढा, तिकडे लावा. सर्व्हरला विचारायचे नाही, फोन करायचा नाही. दिवाळी अंकाच्या धावपळीत एकच डोंगल दोन टेबलांमध्ये दिवसातून पाच वेळा फिरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लायसन्स शब्दशः हातात धरता येत होते.

त्याची अडचणही वस्तूचीच अडचण. जुने डोंगल प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लागत आणि प्रिंटरची केबल त्यांच्या पाठीवर बसे. पुढे संगणकांवरून तो पोर्टच गेला. मग बाजारातून पोर्टचे वेगळे कार्ड आणून बसवले जाई. कार्ड दिसे, प्रिंटरही चाले, पण सॉफ्टवेअर डोंगल सापडत नाही म्हणून अडून बसे. कारण जुनी पॅकेजेस डोंगल एकाच ठरलेल्या पत्त्यावर शोधत, हेक्साडेसिमलमध्ये ३७८, आणि नवे कार्ड भलत्याच पत्त्यावर बसलेले असे. यूएसबी डोंगल आल्यावर हे संपले. मग चौसष्ट बिटांच्या विंडोजने सही नसलेले जुने ड्रायव्हर नाकारायला सुरुवात केली. अशा वेळी लायसन्स खरे, डोंगल शाबूत, सॉफ्टवेअरही जुनेच, आणि तरी नव्या मशीनवर काम होत नाही. अनेक छापखान्यांत कोपऱ्यात एक धुळकटलेला एक्सपीचा संगणक केवळ एवढ्यासाठी जपलेला असतो. वीस वर्षांचा मजकूर त्याच्यावरच उघडतो. जुन्या मशीनची अशी जपणूक वेडगळपणाची नाही. त्या घडीला तोच सगळ्यांत शहाणा उपाय असतो.

डोंगल हरवले तर हिशेब कठोर असतो. बहुतेक विक्रेते हरवलेले डोंगल म्हणजे हरवलेले लायसन्स मानतात. बिघडलेले डोंगल परत दिले तर बदलून मिळते, हरवले तर नव्याने खरेदी. म्हणून डोंगल कॅबिनेटच्या मागे उघडे ठेवू नये. झाडू मारताना ते तुटते. आतल्या यूएसबी सॉकेटला किंवा छोट्या केबलने पुढे आणून लावावे आणि त्यावर रंगाने अनुक्रमांक लिहावा.

यापुढचा प्रकार प्रोग्रॅममधूनच सोडवायच्या लायसन्सचा. टॅलीत यासाठी ‘सरेंडर’ हा शब्द रूढ आहे आणि हिशेबनिसांच्या बोलण्यातही तो तसाच आला : ‘आधी जुन्यावर सरेंडर मारा.’ सरेंडर केले की कंपनीच्या सर्व्हरवर ते लायसन्स मोकळे होते आणि नव्या मशीनवर त्याच अनुक्रमांकाने घेता येते. अडोबीच्या क्रिएटिव्ह सूटमध्ये मदत मेनूत ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ होते. ऑटोकॅडच्या जुन्या आवृत्त्यांत लायसन्स एका मशीनवरून बाहेर काढून दुसऱ्यात घेण्याचे स्वतंत्र साधन होते. तिन्हींत तत्त्व एकच : जुने मशीन चालू असताना त्याच्यावर बसून सोडवायचे. अशी अनेक लायसन्से डिस्कवरच्या फाइल नसलेल्या कोपऱ्यातही खूण ठेवतात. त्यामुळे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून नव्या डिस्कवर उतरवली तर बाकी सगळे चालते आणि नेमके तेच सॉफ्टवेअर लायसन्स तुटल्याचे सांगते. एसएसडी बसवून मशीन वेगवान करून देणाऱ्या प्रत्येकाने हा धडा एकदा तरी घेतलेला असतो. प्रत काढण्याआधी लायसन्स बाहेर काढायचे, नव्या डिस्कवर परत घ्यायचे. दहा मिनिटांचे काम.

जुने मशीन मेलेलेच असेल तर ही दहा मिनिटे दोन दिवसांची होतात. एका लहान करसल्लागाराच्या कार्यालयातला प्रसंग असा होता. महिन्याची वीस तारीख, जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस, आणि सकाळी हिशेबाचे मशीन चालूच होईना. मदरबोर्ड गेला होता. डाटा रोज पेनड्राइव्हवर घेतला जात होता, त्यामुळे तो सुरक्षित होता. दुसऱ्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकले, डाटा उघडला, लायसन्स मागितले. सर्व्हरने उत्तर दिले, की हे लायसन्स दुसऱ्या संगणकावर चालू आहे. ते सोडवायला नोंदणीच्या ईमेलवर आलेला संकेतांक हवा होता. नोंदणीचा ईमेल चार वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलाचा निघाला. सॉफ्टवेअर बसवले त्या दिवशी तोच मशीनसमोर होता, त्याने स्वतःचा पत्ता टाकला, आणि त्यानंतर कुणी पाहिले नाही. मुलगा सापडला, भलाही निघाला, पण त्याचा जुना पासवर्ड त्यालाच आठवत नव्हता. शेवटी विक्रेत्याकडे बिल, संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज आणि ओळखपत्र पाठवून पत्ता बदलून घ्यावा लागला. ती परवानगी एकवीस तारखेला दुपारी आली. विवरणपत्र त्याआधी रात्री, दुसऱ्या एका कार्यालयातून, आकडे हाताने भरून गेले.

या प्रसंगात लायसन्स जुन्या मशीनवर होते असे सगळे समजत होते. ते होते त्या मुलाच्या ईमेलमध्ये. डीलरच्या ईमेलवर नोंदलेली लायसन्से तर गावोगाव आहेत. डीलरला ते सोयीचे वाटते, ग्राहकालाही त्या दिवशी वाटते. पुढे डीलरचे दुकान बंद होते आणि खात्याची किल्ली त्याच्याबरोबर जाते. कार्यालयाच्या लायसन्सला कार्यालयाचाच पत्ता हवा, आणि संकेतांक येणारा मोबाइल क्रमांक मालकाचा हवा.

वर्गणीची पद्धत आल्यापासून खात्याचे महत्त्व आणखी वाढले. अडोबीने २०१३ मध्ये क्रिएटिव्ह क्लाउडचा रस्ता धरला. ऑटोडेस्कने जानेवारी २०१६ नंतर सुट्या उत्पादनांची कायमस्वरूपी लायसन्से विकणे थांबवले. वर्गणीत मशीन बदलणे अगदी सोपे : जुन्यावर साइन आउट, नव्यावर साइन इन. जुने मशीन मेले असले तरी ब्राउझरमधून खात्यात जाऊन त्याला बाहेर काढता येते. त्याची किंमत ही, की वर्गणी थांबली की काम थांबते. वर्षातून दोनदाच लागणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी महिन्याच्या महिन्याला पैसे भरणे लहान व्यावसायिकाला जड जाते आणि जुनी कायमस्वरूपी प्रत तो जिवापाड जपतो, ते त्यामुळेच.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि डिझाइनच्या कार्यालयांत नेटवर्क लायसन्स असते. पन्नास संगणकांवर सॉफ्टवेअर टाकलेले, पण एका वेळी वीस जणांनाच उघडता येते; एकविसावा कुणी उठेपर्यंत थांबतो. मोजणी सर्व्हर करतो. त्याच्याजवळ लायसन्सची एक साधी मजकूर फाइल असते आणि तिच्या पहिल्याच ओळीत सर्व्हरचे नाव आणि बारा अक्षरांचा हार्डवेअर क्रमांक लिहिलेला असतो. हा क्रमांक बहुतेक वेळा नेटवर्क कार्डाचा असतो. पावसाळ्यात वीज पडून कार्ड जळाले आणि नवे बसवले, की वीसच्या वीस लायसन्से त्या क्षणी निरर्थक होतात. कंपनीकडून नव्या क्रमांकाची फाइल मागवावी लागते. याला रीहोस्ट म्हणतात. नव्या कार्डाला जुन्याचा क्रमांक देऊन वेळ मारून नेता येते, हे प्रत्येक प्रयोगशाळा सहायकाला ठाऊक असते. करारात ते बसत नाही. आणि रीहोस्ट बहुधा फुकट मिळत असल्यामुळे त्याची गरजही नसते.

ज्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सला मशीनची मोजदादच नाही, त्याच्याबद्दल हलवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. जीपीएल हे १९८९ मधले लायसन्स कितीही प्रती काढायची, कितीही मशीनवर चालवायची, बदल करायची मोकळीक देते. अट ही, की बदललेली प्रत पुढे दिली तर तीच मोकळीक तिच्यासोबत द्यायची. लिबरऑफिस, इंकस्केप, गिंप वापरणाऱ्या कार्यालयात नवे मशीन अर्ध्या दिवसात उभे राहते. मराठी टाइपांतही हे घडले आहे : मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, तो कुठल्याही मशीनवर टाकता येतो. फुकट मिळणारे प्रत्येक सॉफ्टवेअर मात्र या वर्गात मोडत नाही. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत’ ही ओळ असेल तर ते दुकानात किंवा कार्यालयात वापरणे कराराबाहेर जाते.

कायद्याची बाजू थोडी आणि स्पष्ट आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रोग्रॅमची सुरक्षिततेसाठी प्रत काढून ठेवता येते. म्हणजे सेटअपची सीडी जपून तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवण्यात काही चूक नाही. जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरली तर कलम ६३ब नुसार किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने सुरक्षेचे तांत्रिक कुलूप तोडण्याबद्दल आहे. डोंगलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमकडे वळण्याआधी ते वाचलेले असावे.

कधी कंपनीच आपले सर्व्हर बंद करते. अडोबीने क्रिएटिव्ह सूट २ चे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा, २०१२ च्या अखेरीस आणि २०१३ च्या सुरुवातीला, मूळ ग्राहकांसाठी सर्व्हरला न विचारणारी आवृत्ती आणि तिचे अनुक्रमांक उपलब्ध करून दिले. ती सौजन्याची गोष्ट होती, हक्काची नव्हे. एखादे जुने पॅकेज अजून रोजच्या कामात असेल तर त्याचे सर्व्हर चालू आहेत का, हे जुने मशीन ठणठणीत असतानाच पाहून घ्यावे.

कामाचा क्रम असा बसतो. प्रत्येक मशीनमागे वहीत एक पान : सॉफ्टवेअर, आवृत्ती, प्रकार, की किंवा अनुक्रमांक, बिलाची तारीख, नोंदणीचा ईमेल, डोंगल असल्यास त्याची जागा. ही वही त्याच संगणकात ठेवण्यात अर्थ नाही, ती कागदाची असावी. मशीन बदलायचे ठरले की आधी डाटाची प्रत, मग जुन्यावरून एकेक लायसन्स सोडवणे, प्रत्येक वेळी सुटल्याचा संदेश दिसतो त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो, आणि त्यानंतरच नव्यावर बसवणे. नवे मशीन लागले तरी जुने पंधरा दिवस ठेवतात, कारण विसरलेले एखादे पॅकेज महिनाअखेरीस कुणीतरी शोधतेच. पंधरा दिवसांनंतर डिस्क पूर्ण पुसून मशीन विकायला निघते. त्याच्यासोबत आलेले ओईएम विंडोज त्याच्याजवळच राहते आणि मदरबोर्डसकट नव्या मालकाकडे जाते.